ठोसा आणि ठसा : इंग्लंडमधील मुष्टियोद्ध्यांची जुनी मुद्राचित्रे आणि त्यांचे संग्राहक

१

अठराव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे, इंग्लंडमध्ये हातांत मोजे न घालता उघड्या मुठींनी लढण्याचा व्यवसाय चालू होता. लढती पैजेच्या असत. लढणारे बहुधा कसाई, कोळसा उचलणारे हमाल, नावाडी, सैनिक अशा थरांतून आलेले असत, आणि पैसा लावणारे उमराव असत. कायद्याच्या दृष्टीने असल्या लढती म्हणजे शांततेचा भंग होय. तरीही प्रत्येक गाजलेल्या योद्ध्याचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाई, त्याचे ठसे कागदावर काढले जात आणि लंडनमधील चित्रविक्रेत्यांच्या खिडक्यांत ते टांगले जात. या मुद्राचित्रांचा संग्रह करण्याची हौसही तेव्हापासूनचीच आहे.

हौशी संग्राहकाचे लक्ष साहजिकच चित्रातील देहाकडे, पवित्र्याकडे आणि रंगाकडे जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रथम चित्राच्या खाली पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चित्राखालच्या अरुंद पट्टीत कोरलेली दोन-तीन ओळींची अक्षरे, म्हणजे योद्ध्याचे नाव, चित्रकाराचे नाव, कोरणाऱ्याचे नाव, प्रकाशकाचा पत्ता आणि तारीख, हाच या साधनाचा खरा पुरावा होय. ती पट्टी कापली गेली की चित्र शिल्लक राहते, पण साधन नष्ट होते. ही हानी अनेकदा संग्राहकांच्याच हातून झालेली आहे. तिचे स्वरूप आणि तिची किंमत यांचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयाकडे लेखक वळला तो भाषाभ्यासाच्या वाटेने. मुष्टियुद्धाच्या परिभाषेतून सर्वसामान्य इंग्रजीत कोणते शब्द आले हे पाहत असता पिअर्स ईगन याच्या 'बॉक्सियाना' या ग्रंथाशी परिचय झाला. त्याच सुमारास मुंबईतील एका पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात टॉम क्रिब याचे एक लहानसे कोरीव चित्र हाती लागले. चारही कडा नीट कापलेल्या होत्या, खाली केवळ नाव होते. ते स्वतंत्रपणे विकले गेलेले मुद्राचित्र आहे असे समजून लेखकाने त्याची तशी नोंद केली व ती दोन-तीन मित्रांना अभिमानाने दाखवलीही. पुढे भिंगातून पाहता डाव्या कडेवर शिवणीच्या भोकांच्या अर्ध्या खुणा दिसल्या. ते पुस्तकातून फाडलेले पान होते. नोंद खोडावी लागली. त्या खाडाखोडीतून जे शिकता आले त्याचा उपयोग पुढील विवेचनात केला आहे.

२

प्रथम कायद्याचा विचार करू. विल्यम हॉगार्थ हा चित्रकार आपल्या मुद्राचित्रांच्या चोरट्या नकलांनी त्रस्त झाला होता. त्याच्या व त्याच्या सहव्यावसायिकांच्या खटपटीने पार्लमेंटने कोरीव चित्रांच्या स्वामित्वाचा कायदा केला व तो जून १७३५ मध्ये अमलात आला. त्याने चित्राच्या मालकाला १४ वर्षांचे संरक्षण मिळाले. १७६७ च्या कायद्याने ही मुदत २८ वर्षांची झाली. संरक्षण हवे असल्यास मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर कोरून प्रत्येक ठशावर उमटवणे आवश्यक होते. म्हणूनच या काळातील बहुसंख्य इंग्लिश मुद्राचित्रांच्या तळाशी 'कायद्याच्या आज्ञेनुसार प्रसिद्ध' अशा अर्थाची ओळ दिवस, महिना आणि वर्ष यांसह आढळते.

या ओळीचे महत्त्व मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत विशेष आहे. उमरावाचे तैलचित्र असेल तर त्याच्या मागे घराण्याची कागदपत्रे, हिशेब आणि पत्रे असतात. कसायाच्या किंवा हमालाच्या मागे असे काही नसते. त्याचे चित्र कोणी काढले, केव्हा काढले आणि ते लढतीच्या आधी विकावयास आले की नंतर, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ वेळा त्या एका ओळीतूनच मिळतात.

अर्थात् ही ओळ डोळे मिटून मानण्यासारखीही नाही. पत्रा एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकला जाई. नवा मालक जुना पत्ता घासून काढी आणि आपला कोरी. कधी तारीख तशीच राही, तर कधी तीही बदले. त्यामुळे एकाच पत्र्याचे दोन-तीन टप्पे संभवतात. पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकांस ही परिस्थिती नवी वाटणार नाही. पोथीच्या प्रतींमध्ये पाठभेद पडतात, तसेच एका पत्र्याच्या ठशांमध्येही पडतात. कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहूनचा हे ठरवण्यासाठी अनेक प्रती शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. मराठीत पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेला आपण समास म्हणतो. मुद्राचित्राच्या बाबतीत समास कोरा नसतो, इतकाच काय तो फरक.

३

इंग्लंडचा पहिला अजिंक्य योद्धा म्हणून जेम्स फिग याचे नाव घेतले जाते. १७१९ हे त्याच्या अजिंक्यपदाचे वर्ष परंपरेने मानले आहे. वस्तुतः तो तलवार आणि लाठी यांत अधिक निष्णात होता. जॉन एलिसने काढलेल्या त्याच्या चित्रावरून धाकट्या जॉन फेबरने मेझोटिंट पद्धतीचे मुद्राचित्र कोरले. या पद्धतीत तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने आधी सर्वत्र खरवडतात. तशा पत्र्याचा ठसा मखमलीसारखा काळा येतो. मग जेथे उजेड हवा तेथे पत्रा घासून गुळगुळीत करतात. अंधारातून देह उजळत आणणारी ही रीत पिळदार स्नायूंच्या चित्रणास फार अनुकूल होती. परंतु खरवडलेला पृष्ठभाग नाजूक असतो. शे-दोनशे ठशांनंतर तो झिजू लागतो आणि काळा रंग करडा पडतो. म्हणून आरंभीच्या ठशाला संग्राहक अधिक मोल देतात.

हॉगार्थच्या 'अ रेक्स प्रोग्रेस' या १७३५ च्या चित्रमालेतील दुसऱ्या चित्रात लाठी घेतलेला जो उस्ताद दिसतो, तो फिगच होय असे मानले जाते. फिगच्या आखाड्याची जाहिरात म्हणून एक सचित्र पत्रकही हॉगार्थच्या नावावर दीर्घ काळ खपत आले. अभ्यासकांनी पुढे त्याच्या अस्सलपणाबद्दल गंभीर शंका घेतली. हॉगार्थ गोळा करणाऱ्यांना फिग हवा होता आणि फिग गोळा करणाऱ्यांना हॉगार्थ हवा होता. अशा दुहेरी मागणीच्या जागी संशयास्पद वस्तूला सहज वाव मिळतो.

फिगनंतरचा मोठा योद्धा जॅक ब्राउटन. त्याने १७४३ मध्ये आपल्या आखाड्यासाठी नियम तयार केले. पडलेल्यास मारू नये, कमरेखाली पकडू नये, आणि पडलेला योद्धा अर्ध्या मिनिटात मध्यभागी खडूने आखलेल्या चौकोनाच्या कडेशी आणून उभा केला गेला नाही तर तो हरला असे मानावे, हे त्यांतील मुख्य नियम होत. १७५० मध्ये जॅक स्लॅककडून त्याचा पराभव झाला. त्याचा आश्रयदाता कंबरलंडचा ड्यूक त्या दिवशी फार मोठी पैज हरला असे सांगतात. त्यानंतर तीसेक वर्षे या व्यवसायास उतरती कळा लागली, आणि ती संपली ती रिचर्ड हंफ्रीज व डॅनिएल मेंडोझा यांच्या वैरामुळे.

४

मेंडोझा लंडनमधील ज्यू समाजातला. त्याच्या व हंफ्रीजच्या तीन मोठ्या लढती झाल्या. जानेवारी १७८८ मध्ये ओडिहॅम येथे हंफ्रीज जिंकला. मे १७८९ मध्ये स्टिल्टन येथे आणि सप्टेंबर १७९० मध्ये डॉनकास्टर येथे मेंडोझा जिंकला. हंफ्रीजचे चित्र जॉन हॉपनर या नामवंत चित्रकाराने काढले, आणि त्यावरून जॉन यंगने कोरलेले मेझोटिंट १७८८ मध्ये बाहेर आले. रोबिनोच्या चित्रावरून हेन्री किंग्जबरीने कोरलेले मेंडोझाचे चित्र १७८९ मधले आहे. ही वर्षे लढतींच्या वर्षांशेजारी ठेवली की चित्रबाजार विजयाच्या मागोमाग कसा धावत होता याची कल्पना येते. तळाची ओळ कापलेले हंफ्रीजचे चित्र केवळ एका देखण्या तरुणाचे चित्र उरते, आणि ते कोणत्या क्षणी लोकांसमोर आले हा अर्थ त्यातून निघून जातो.

मेंडोझाने स्वतः लिहिलेही. 'द आर्ट ऑफ बॉक्सिंग' हे पुस्तक त्याने १७८९ मध्ये काढले व १८१६ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. म्हणजे मेंडोझाच्या बाबतीत मुद्राचित्रांची साक्ष त्याच्या स्वतःच्या शब्दांशी ताडून पाहता येते. ही सोय त्याच्यानंतरच्या एका महत्त्वाच्या योद्ध्याच्या बाबतीत नाही.

तो योद्धा म्हणजे टॉम मॉलिनो. तो अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णी. गुलामगिरीत जन्मून मुक्त झाला अशी परंपरागत कथा आहे. लंडनमध्ये त्याला शिकवले ते बिल रिचमंड याने. हाही अमेरिकेत, स्टॅटन बेटावर जन्मलेला कृष्णवर्णी योद्धा होता. डिसेंबर १८१० मध्ये मॉलिनोने अजिंक्यवीर टॉम क्रिबला आव्हान दिले. तो हरला, पण त्या निकालाबद्दल तेव्हापासून वाद आहे. सप्टेंबर १८११ मध्ये रटलंड परगण्यात थिसलटन गॅप येथे दुसरी लढत झाली व तीत क्रिब निर्विवाद जिंकला. मॉलिनो १८१८ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे वारला. त्याने आपल्याबद्दल काही लिहून ठेवले नाही. त्याचे जे रूप आपल्यापर्यंत आले आहे ते इतरांनी विक्रीसाठी कोरलेले आहे.

रोलंडसनने व जॉर्ज क्रुकशँकने १८११ च्या लढतीची चित्रे काढली. त्यांत गर्दी आहे, कोलाहल आहे आणि हास्यचित्राचा अतिरेकही आहे. याउलट रॉबर्ट डायटनच्या जानेवारी १८१२ च्या मुद्राचित्रात मॉलिनो एकटा, मुठी उगारून उभा आहे. मार्च १८१० मध्ये डायटननेच रिचमंडचे तशाच नमुन्याचे चित्र प्रसिद्ध केले होते. आता तारखेकडे पाहावे. जानेवारी १८१२ म्हणजे दुसऱ्या पराभवानंतर तीन-चार महिन्यांनी. तारीख नसती तर हे उभे राहणे आपण आव्हानवीराचे मानले असते आणि लढतीपूर्वीच्या उत्सुकतेचा पुरावा म्हणून त्याचा दाखला दिला असता. तारखेमुळे कळते की पराभूत मॉलिनोलाही गिऱ्हाईक होते, आणि ते त्याला हास्यास्पद नव्हे तर उभा पाहू इच्छीत होते. हा निष्कर्ष लहान आहे. पण ज्याच्याबद्दल इतके थोडे ठाऊक आहे त्याच्या चरित्रात असा लहान निष्कर्षही मोलाचा ठरतो.

५

मुद्राचित्राखालील अक्षरे भाषाभ्यासकालाही उपयोगी पडतात. प्रथम नावांचे पाहू. क्रिबच्या नावाच्या शेवटी कोठे एक 'ब' आहे, कोठे दोन आहेत. हंफ्रीजचे नाव निदान दोन तऱ्हांनी व मॉलिनोचे त्याहून अधिक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. कोरणारा कारागीर नाव बहुधा कानांनी ऐकून पत्र्यावर उलट्या अक्षरांत कोरी. म्हणून लेखनातील हे भेद निव्वळ चुका म्हणून सोडून न देता उच्चाराचा पुरावा म्हणूनही तपासण्यासारखे आहेत.

दुसरे, शीर्षकांचे. डायटनच्या दोन्ही चित्रांच्या शीर्षकात 'स्ट्रायकिंग व्ह्यू' असे शब्द आहेत. इंग्रजीत या विशेषणाचे 'नजरेत भरणारे' आणि 'प्रहार करणारे' असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत हा श्लेष जसाच्या तसा उतरत नाही, परंतु ठोसा आणि ठसा हे दोन शब्द नादाने जवळ आहेत, ही आपल्या भाषेतील एक सोय म्हणावी. रोलंडसनच्या चित्राच्या शीर्षकात लढतीला 'मिलिंग मॅच' म्हटले आहे. 'मिल' म्हणजे दळणे. बोलभाषेत त्याचा अर्थ झोडपणे असा झाला. आपणही 'कुटून काढले' म्हणतो तेव्हा अशाच घरगुती क्रियेचा आधार घेतो. आखाड्याच्या शौकिनांच्या या बोलीचा मोठा साठा ईगनने नोंदवून ठेवला, आणि फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ मधील बोलभाषेच्या कोशाची नवी आवृत्ती १८२३ मध्ये त्यानेच सिद्ध केली. पुढे १८३८ च्या नियमांत आखाड्याच्या मध्यभागी जी रेषा ठरली ती 'स्क्रॅच'. त्या रेषेपर्यंत स्वतःच्या पायांनी येणे म्हणजे लढण्यास समर्थ असणे. अपेक्षित पात्रतेस उतरणे या अर्थाने हा वाक्प्रचार आजही इंग्रजीत रूढ आहे. तो वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यामागची रेषा आठवत असेल.

६

आता संग्राहकांकडे वळू. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाने इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात उपलब्ध कोरीव व्यक्तिचित्रांची वर्गवार नोंद होती. राजापासून आरंभ करून बाराव्या आणि शेवटच्या वर्गात त्याने खालच्या थरातील, एखाद्याच विलक्षण गोष्टीमुळे लक्षात राहिलेली माणसे घातली. या ग्रंथामुळे व्यक्तिचित्रे जमवण्याची लाट उसळली. लोक जुन्या पुस्तकांतील चित्रे कापून आपल्या प्रतींत चिकटवू लागले, आणि चिकटवताना पानाच्या मापात बसावीत म्हणून समास छाटू लागले. आज कडा कापलेली जी असंख्य चित्रे आढळतात, त्यांच्या मागे हा छंद पुष्कळ अंशी आहे. पुढे चौकटीच्या मापासाठी तीच छाटणी चालू राहिली. प्रेमाने केलेली हानी ती हीच.

डायटनची हकीकत याहून वेगळी आणि बोधप्रद आहे. रिचमंड आणि मॉलिनो यांची चित्रे कोरणारा हा कलावंत स्वतः संग्राहक व विक्रेता होता. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातून तो अनेक वर्षे मुद्राचित्रे लांबवीत होता. १८०६ मध्ये त्याच्याकडून आलेले रेम्ब्रांटचे एक मुद्राचित्र सॅम्युएल वुडबर्न या विक्रेत्याने म्युझियममधील प्रतीशी ताडून पाहण्यासाठी नेले, तेव्हा तेथील प्रतच जागेवर नसल्याचे आढळले आणि सारे उघडकीस आले. संग्रहाचा रक्षक विल्यम बेलो याला नोकरी गमवावी लागली. डायटनने बरीच चित्रे परत मिळवून देण्यास साहाय्य केले आणि त्याच्यावर खटला झाला नाही. काही वर्षे लंडनबाहेर काढून तो परतला आणि मग ही दोन योद्ध्यांची चित्रे त्याने काढली. चोरी उघड झाली ती एक प्रत दुसरीशेजारी ठेवून पाहण्याच्या इच्छेमुळे, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

विसाव्या शतकात या चित्रांना नवे वाचक मिळाले. ब्रिटिश म्युझियमने कोरीव व्यक्तिचित्रांची सूची १९०८ ते १९२५ या काळात, आणि उपहासचित्रांची सूची १८७० ते १९५४ या काळात अकरा खंडांत प्रसिद्ध केली. या व्यवस्थेमुळे मेंडोझाची व्यक्तिचित्रे एका सूचीत आणि त्याच्यावरील उपहासचित्रे दुसऱ्या सूचीत गेली. एक माणूस दोन कपाटांत विभागला गेला. आल्फ्रेड रूबेन्स या लंडनच्या ज्यू संग्राहकाने १९३५ मध्ये इंग्लंडमधील ज्यूंच्या कोरीव व्यक्तिचित्रांची चरित्रात्मक सूची काढली. तीमुळे मेंडोझाकडे खेळाच्या चित्रांतून बाहेर काढून एका समाजाच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहता आले. रूबेन्सचा संग्रह पुढे लंडनच्या ज्यू संग्रहालयाकडे गेला. संग्राहकाने कोणता प्रश्न मनात धरून चित्रे जमवली, यावर त्या चित्रांचा पुढचा अर्थ किती अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या संदर्भात एक मर्यादा ध्यानात ठेवावी. संग्राहक विजेत्यांना शोधतात. चित्रबाजारही मुख्यतः विजेत्यांच्याच मागे होता. परिणामी शेकडो सामान्य योद्धे, जे जखमांनी खंगले किंवा आखाड्यातच मेले, त्यांचा चेहरा कोठेही नाही. जपून ठेवलेल्या मुद्राचित्रांवरून त्या व्यवसायाचे चित्र उभे करणे म्हणजे केवळ शिलालेखांवरून प्रजेच्या जीवनाचा अंदाज करण्यासारखे आहे.

७

जुना ठसा ओळखण्याच्या काही कसोट्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी थोडक्यात देतो. तांब्याचा पत्रा दाबयंत्रातून जाताना कागदावर त्याच्या कडांची खोलगट चौकट उमटते. ती शाबूत असेल तर समासही बहुधा शाबूत असतो. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहावे. १७९४ नंतरच्या पुष्कळ इंग्लिश कागदांत जलचिन्हाबरोबर वर्षही असते. तळाच्या ओळीत १७८८ आणि कागदात १८१८ असेल, तर पत्रा जुना पण ठसा तीस वर्षांनंतरचा. तो खोटा नव्हे, परंतु १७८८ च्या बाजाराचा पुरावाही नव्हे. हाताने भरलेला रंग त्या काळचा आहे की गेल्या शतकात विक्रेत्याने चढवला हे अनुभवाने कळते. आणि भिंगाखाली सर्वत्र सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती छायाचित्रावरून यंत्राने केलेली नक्कल समजावी. तिला कितीही जुनाट चौकट असली तरी व्यर्थ.

८

या परंपरेचा शेवट एका भव्य लढतीने झाला. १७ एप्रिल १८६० रोजी फार्नबरो येथे इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांच्यात दोन तासांहून अधिक काळ युद्ध झाले व ते अनिर्णित राहिले. या लढतीची मुद्राचित्रे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस निघाली. न्यूयॉर्कमध्ये करियर आणि आइव्हज यांनी ती शिळाछापावर काढली. आता तांब्याच्या पत्र्याची जागा शिळेने, सचित्र वृत्तपत्राने आणि छायाचित्राने घेतली होती. १८६७ मध्ये मोजे घालून लढण्याचे क्वीन्सबरी नियम आले. उघड्या मुठींची अजिंक्यपदाची शेवटची मोठी लढत ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात ७५ फेऱ्यांची झाली. ठोशांचा तो व्यवसाय आणि त्याचे तांब्यावरचे ठसे ही दोन्ही सुमारे एकाच पिढीत मावळली.

लेखकाच्या संग्रही असलेले क्रिबचे ते पान अद्याप आहे. त्याच्या नोंदीत आता 'ग्रंथातून सुटलेले पान, समास नाही, तारीख अज्ञात' असे शब्द आहेत. कोणी तरी, केव्हा तरी, ते अधिक सुबक दिसावे म्हणून त्याच्या कडा कापल्या. त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कात्रीच्या त्या चार फटकाऱ्यांत जे गेले ते आता कोणत्याही भिंगाने परत मिळणार नाही. आपल्या विभागातील जे विद्यार्थी जुनी चित्रे, जुनी पत्रके, जुन्या जाहिराती जमवीत असतील, मग त्या कोणत्याही देशाच्या व कोणत्याही विषयाच्या असोत, त्यांना इतकीच विनंती आहे की आधी चित्राखालचे अक्षर न् अक्षर उतरून घ्यावे, मग चित्र पाहावे, आणि कात्री मात्र हाती धरू नये.